टॉलिव्हरला घ्यायचं का

सोमवारी सकाळी कर्टिस बोमनने ऑरिन हॅस्केलला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. कर्टिस दार लावायचा तेव्हा एक तर कुणाची नोकरी गेलेली असायची, नाहीतर संघात कुणाला तरी आणायचं असायचं. ऑरिनच्या मनात आधी पहिलीच शंका आली. मार्चमध्ये त्याची बायको लॉर्ना गेली. तेव्हापासून इथे सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे, आणि त्या हळू आवाजाची त्याला आता धास्ती वाटायला लागली होती.

"बस," कर्टिस म्हणाला. "जेरेल टॉलिव्हर. घ्यायचा का नाही?"

ऑरिन खुर्चीत बसला.

कर्टिस हा टोलेडो फाउंड्रीमेन या अमेरिकन फुटबॉल संघाचा कारभारी. कुणाला आणायचं, कुणाला सोडायचं, हे शेवटी तोच ठरवायचा. ऑरिन त्याचा पारखी. दुसऱ्या संघांतले खेळाडू बघायचे आणि त्यांच्यात दम आहे का ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. तो ते कर्टिस कारभारी व्हायच्या आधीपासून करत होता. हंगाम अर्धा झाला होता. टोलेडो हरण्यापेक्षा जास्त जिंकलं होतं, हे या गावात फार वर्षांनी घडत होतं. पण चेंडू झेलणारे दोन्ही चांगले गडी जायबंदी झाले होते, एकाचा गुडघा, एकाचा खांदा. चेंडू फेकणारा होता, फेकलेला घ्यायला कुणी नव्हतं. आणि खेळाडूंची अदलाबदल मंगळवारी दुपारी चार वाजता बंद होत होती.

"मेम्फिस त्याला सोडायला तयार आहे," कर्टिस म्हणाला. "पुढच्या वर्षीच्या कॉलेजातल्या पोरांच्या निवडीतली आपली चौथ्या फेरीची पाळी मागतायत. दोन वर्षांपूर्वी पहिल्या फेरीची दिली असती तरी त्यांनी फोन ठेवला असता."

"आणि ह्या वर्षी?"

"ह्या वर्षी त्याच्या हातातून सगळं गळतंय. तुला माहीत आहे. सगळ्या देशाला माहीत आहे. का गळतंय ते मला सांग. पोर्टलँडचा ग्रीअरही मिळतोय. म्हातारा झालाय, पळत नाही, पण हातात आलेलं सोडत नाही. दोघांना ठेवायला माझ्याकडे जागा नाही. एकच."

"उद्यापर्यंत?"

"आज दुपारी कोचसमोर. उद्या शेवटचं." कर्टिसने दार उघडलं, मग थांबला. "झोप लागते का रे?"

"लागते," ऑरिन म्हणाला. ते खरं नव्हतं.

त्याने आपल्या खोलीत जाऊन टीव्हीचा पडदा चालू केला आणि टॉलिव्हरचा या हंगामातला प्रत्येक सामना काढला. प्रत्येक सामन्याची चित्रफीत दोन बाजूंनी घेतलेली असते. एक वरून, तीत मैदानावरचे सगळे दिसतात. दुसरी गोलखांबांच्या मागून. कोचच्या माणसांनी आधीच बघून शेरा मारला होता, की मार खायला घाबरतो. चेंडू येताना हा डोकं फिरवतो, म्हणजे याचं लक्ष आपल्याला पाडायला येणाऱ्या माणसाकडे असतं, चेंडूकडे नसतं. असे खेळाडू ऑरिनने पुष्कळ पाहिले होते. एकदा जोराची धडक बसते आणि मग वर्षभर माणूस चेंडूऐवजी पावलांचा आवाज ऐकत राहतो. शेरा बरोबर असू शकत होता.

पण जेरेलला तो ओळखत होता. जेरेल मिसिसिपीत कॉलेजात खेळत होता तेव्हा ऑरिन त्याला बघायला गेला होता, आणि त्या खेपेला लॉर्नाही बरोबर आली होती. जेरेलला वाढवलं त्याच्या आत्याने, मिस ओडेसाने. तिने दोघांना जेवायला घातलं होतं. पुरुष फुटबॉलबद्दल बोलत होते तोवर दोघी बायकांनी स्वयंपाकघरात पीचच्या गोड पदार्थावरून अर्धा तास वाद घातला होता. पुढे निवडीच्या दिवशी टोलेडोच्या आधी मेम्फिसची पाळी आली आणि जेरेल तिकडे गेला. पण तो पोरगा भित्रा नव्हता. भिंतीवर आदळायला सांगितलं तर कुठल्या भिंतीवर, एवढंच त्याने विचारलं असतं.

ऑरिनने गळालेले चेंडू एकापाठोपाठ एक लावले. मग झेललेले लावले. मग पुन्हा गळालेले, गोलखांबांच्या मागून. दोन तास झाले तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि त्याने रिमोट खाली ठेवला.

जेरेल मैदानाच्या डाव्या कडेने पळत असला, चेंडू उजव्या खांद्यावरून आला, की तो पूर्वीसारखाच झेलत होता. उजव्या कडेने पळत असला आणि चेंडू डाव्या खांद्यावरून आला, की गळत होता. आणि त्या वेळी तो डोकं फिरवत होता ते कुणाला घाबरून नव्हे. त्याच्या आसपास कित्येकदा कुणी नव्हतंच. तो सगळा चेहरा वळवून, दाणा टिपायच्या आधी कोंबडी बघते तसा, उजव्या डोळ्याने बघायला जात होता. तोवर चेंडू बोटांपाशी पोचलेला असायचा.

ही मान ऑरिनने पाहिली होती. पडद्यावर नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात.

गेल्या वर्षी याच दिवसांत लॉर्नाने कपाशेजारी कॉफी ओतली होती. "कप कुणी सरकवला रे?" ती म्हणाली होती आणि दोघंही हसले होते. मग ती भिंतीवरच्या घड्याळाकडे चेहरा वळवून बघायला लागली. मग फ्रिजच्या दाराला तिचा डावा खांदा लागायला लागला. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं दोघांनी ठरवलं. नाताळात ती दाखवायला गेली. चष्म्याचं काही नव्हतं. डोळ्याच्या मागे, डोक्यात गाठ होती, आणि बरीच आधीपासून होती.

ऑरिनने पडदा बंद केला.

जेवायला तो कधी बाहेर जात नसे, पण त्या दिवशी त्याला त्या खोलीत बसवेना. तो गाडीत बसून नदीच्या कडेने निघाला आणि रेडिओ लावला. रेडिओवर गावातल्या लोकांचे फोन चालले होते, आणि विषय अर्थातच एकच होता.

"अहो, टॉलिव्हरला आणण्यापेक्षा माझ्या सासूला आणा," एक जण म्हणत होता. "हातात आलेली वस्तू तिने आजवर सोडलेली नाही."

"सासूबाई पळतात का?" रेडिओवाल्याने विचारलं.

"जेवायला बोलावलं की पळतात."

पुढचा म्हणाला, "त्याच्या हाताला लोणी नाही लावलेलं, त्याचं मन उडालंय. पैसे मिळाले, घर झालं, मन उडालं. असल्या पोरांना मी ओळखतो."

"ओळखता? भेटलात कधी?"

"टीव्हीवर."

ऑरिनने रेडिओ बंद केला. चिली डॉग, म्हणजे वर मसालेदार खिमा घातलेला सॉसेजचा पाव, विकत घेतला आणि तो गाडीतच गार होऊ दिला.

त्याला दोन भीती वाटत होत्या आणि कुठली मोठी ते कळत नव्हतं. एक अशी, की हे खरं असेल. दुसरी अशी, की ते खरं नसेल आणि आता आपल्याला जिकडेतिकडे लॉर्नाच दिसायला लागली असेल. मे महिन्यात किराणा दुकानातल्या मुलीने नाणी बघायला मान वाकडी केली, तेव्हा तो तिला डोळे तपासून घे म्हणाला होता. तिने घाबरून दुकानदाराला बोलावलं होतं. पारख्याची नजर गेली तर त्याच्याकडे उरतं काय? आणि नजर गेलेल्या पारख्याला कुणी तसं सांगत नाही. फक्त त्याच्याशी हळू बोलतात.

जेरेलला सरळ फोन करावा, तर तेही करता येत नव्हतं. दुसऱ्या संघाशी करार असलेल्या खेळाडूशी, किंवा त्याच्या घरच्यांशी, एक अक्षर बोलायचं नाही, हा लीगचा नियम होता. तो मोडला तर माणसाची नोकरी जायची आणि संघाची निवडीतली पाळी जायची. ऑरिनने इतक्या वर्षांत तो कधी मोडला नव्हता.

दुपारी कर्टिसच्या खोलीत कोच ब्रुनेटी आधीच येऊन बसला होता. ब्रुनेटी उभा असला तरी बसल्यासारखा दिसायचा, इतका आडवा. तो काही हळू बोलत नसे, म्हणून ऑरिनला तो बरा वाटायचा.

"मी सांगून टाकतो," ब्रुनेटी म्हणाला. "पोरगा भ्यालाय. मला भ्यालेला नको. ग्रीअर आणा, विषय संपला."

"ऑरिन?" कर्टिसने विचारलं.

"तो भ्यालेला नाही. हातही ठीक आहेत," ऑरिन म्हणाला. "त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही. किंवा फार कमी दिसतं."

ब्रुनेटी म्हणाला, "म्हणजे आपण आंधळा आणायचा?"

"मी आणा म्हटलं नाही."

"मग नको म्हणतोस?"

"मी काय दिसलं ते सांगतोय, कोच. ये, दाखवतो."

त्याने दाखवलं. डाव्या खांद्यावरचे, उजव्या खांद्यावरचे. ब्रुनेटी पुढे वाकून बघत राहिला. "असेल," तो शेवटी म्हणाला. "नसेलही. मी बायकोचं ऐकताना अशीच मान करतो."

"मेम्फिसला दिसलं नसेल?" कर्टिस म्हणाला. "त्यांचे डॉक्टर आहेत."

"संघाचे डॉक्टर पूर्ण तपासणी जुलैत करतात, सराव सुरू व्हायच्या आधी. नंतर पायाने लंगडला तर पाय बघतात. डोळ्याने लंगडणारा माणूस स्वतः बोलला नाही तर कोण बघणार?" ऑरिन क्षणभर थांबला. "कर्टिस, हॅलला फोन कर. तपासून घे म्हणावं."

हॅल डिट्मर हा मेम्फिसचा कारभारी. कर्टिसने ऑरिनकडे बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कीव होती. "अदलाबदलीच्या आदल्या दिवशी मी त्याला सांगू, की तुझा माल बिघडलाय? तो काय समजेल?"

"कर तरी."

कर्टिसने फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"हॅल, टॉलिव्हरचा डावा डोळा तपासून घे. आमच्या माणसाला वाटतंय त्याला दिसत नाही."

पलीकडे हॅल मोठ्याने हसला. "कर्टिस, गेल्या वर्षी तू माझ्या त्या आडदांड गड्याच्या पाठीबद्दल असंच सांगितलं होतंस. पाठ गेली म्हणालास. कशी निघाली पाठ?"

कर्टिसने नाक चोळलं. "बरी निघाली."

"बरी? तुझ्याच संघात उभा आहे तो, गाडी उचलतोय त्या पाठीवर."

"ह्या वेळी खरं सांगतोय."

"तू दर वेळी खरंच सांगतोस रे. मीही सांगतो. बरं, ऐक. चौथी फेरी नको, पाचवी दे. पण हे डोळ्याचं नाटक बंद कर, मला जेवायला जायचंय." आणि त्याने फोन ठेवला.

ब्रुनेटीने मांडीवर थाप मारली. "ऑरिन! तुझ्या डोळ्याने एक अख्खी फेरी वाचवली की!"

ऑरिन हसला नाही. त्यालाच कळलं नाही आणि तो बोलून गेला, "आपण घेतला तर बुधवारी आपले डॉक्टर त्याला तपासतील. डोक्यापासून पायापर्यंत. तपासल्याशिवाय अदलाबदल पक्की होत नाही."

कर्टिसला कळायला वेळ लागला नाही. तो खुर्चीत मागे टेकला. "आणि तपासणीत तो नापास झाला तर अदलाबदल रद्द. तो परत मेम्फिसला. तोवर मंगळवार गेलेला, ग्रीअर गेलेला, आणि माझ्याकडे झेलणारा कुणीच नाही. म्हणजे एका परक्या पोराला डॉक्टरकडे न्यायला मी माझा हंगाम घालवू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणालास," कर्टिस म्हणाला. रागाने नाही. हळूच. ऑरिनला राग परवडला असता.

संध्याकाळी घरी त्याने पर्च मासा तळला, कारण लॉर्ना असताना सोमवारी तोच व्हायचा. खाल्ला नाही. कप टेबलावर ठेवला, डावा डोळा हाताने झाकला आणि कॉफी ओतून बघितली. कपातच पडली. पुन्हा ओतून बघितली. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. एका डोळ्याने माणूस कॉफी ओतू शकतो, म्हणजे टॉलिव्हरला काही झालेलं नाही, असं तो स्वतःला पटवायला बसला होता.

उद्या कर्टिस पुन्हा विचारणार होता. कर्टिसच्या मनात टॉलिव्हर भरला होता, त्याला फक्त कुणी तरी ढकलायला हवं होतं. ऑरिनने एवढंच म्हणायचं होतं, 'मी पुन्हा बघितलं, माझं चुकलं, डोळा ठीक आहे.' सगळ्यांनी ते मानलं असतं. बिचाऱ्याला बायको दिसत होती, म्हणाले असते. जेरेल बुधवारी टोलेडोला आला असता आणि एका नव्या डॉक्टरने त्याच्या डोळ्यात उजेड टाकला असता. एका खोट्यात एवढं काम होत होतं. ते खोटंही फारसं नव्हतं. डोळा ठीक असूही शकत होता. ऑरिनने ते वाक्य दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. चांगलं म्हणता येत होतं. त्यामुळे त्याला आणखीनच धडकी भरली.

मंगळवारी जेवणानंतर कर्टिसने बोलावलं. दार लावलं. या वेळी ब्रुनेटी नव्हता.

"मला एक विचारायचंय, आणि चिडू नकोस," कर्टिस म्हणाला. "लॉर्नाचंही असंच सुरू झालं होतं ना? डोळ्याने?"

"हो."

"मग असं तर नाही ना, की तुला तिचंच दिसतंय?" त्याने हात पुढे केले. "मी दोष देत नाही. माझी रूथ गेली असती तर मी इथे येऊन बसूही शकलो नसतो. तू पुन्हा बघितलंस का? तू म्हणालास की तुला आता तसं वाटत नाही, तर मी ह्या क्षणी हॅलला फोन करतो. पाचवी फेरी, ऑरिन. आणि मला तो पोरगा हवाय."

वाक्य तोंडाशी होतं. दार इतकं सताड उघडं कुणी कधी ऑरिनसाठी ठेवलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. त्याच्या मनात मिस ओडेसाचं टेबल आलं, टेबलाशी बसलेला पोरगा आला. आणि समोर कर्टिस होता, ज्याने त्याला मार्च आणि एप्रिल दोन्ही महिने कामावर न येता पगार दिला होता आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"पुन्हा बघितलं," ऑरिन म्हणाला. "आज सकाळी. लॉर्ना दिसते मला, कर्टिस. दुकानात दिसते, रस्त्यात दिसते. पण डाव्या खांद्यावरचा चेंडू गळतो आणि उजव्यावरचा गळत नाही, हे तिच्यामुळे नाही. जे दिसलं ते दिसलं. घेऊ नकोस. ग्रीअरला आण."

कर्टिसने फोन उचलला आणि पोर्टलँडला लावला.

ऑरिन बाहेर आला. चार वाजेपर्यंत तो गाड्या लावायच्या जागेत आपल्या गाडीत बसून राहिला. चार वाजता रेडिओवर ग्रीअरचं नाव आलं आणि कुणी तरी म्हणालं, की टोलेडोने सासूबाईच आणल्या. आता टॉलिव्हर कुठेच जाणार नव्हता. रविवारी तो मेम्फिसकडून मैदानात उतरणार होता, आणि डावीकडून त्याच्यावर येणारा माणूस त्याला दिसणार नव्हता.

दुसऱ्याच्या हंगामाची किंमत देऊन काही करायचं नाही, एवढं त्याने आत ठरवलं होतं. आता उरलं होतं ते मुख्यतः त्याच्या स्वतःच्याच मानेवर येणार होतं. त्याने फोन काढला. लॉर्नाच्या वेळी मिस ओडेसाने फोन केला होता, तो नंबर त्यात होता. बोट दोनदा बटणापर्यंत जाऊन मागे आलं.

"मिस्टर ऑरिन?" ती म्हणाली. "जेवलात का काही? का अजून गाडीतच खाता?"

"मिस ओडेसा, हा फोन मी करायला नको होता. नियमाविरुद्ध आहे."

"मग केलात कशाला?"

"जेरेल तुमच्याकडे शेवटचा कधी आला होता?"

"खेळ नव्हता त्या आठवड्यात. का? विकत घेताय का त्याला? कुणी तरी घ्या बाई. तिकडे लोक त्याला काय काय बोलतात."

"नाही, घेत नाही आहोत. म्हणूनच फोन केला." ऑरिनने स्टिअरिंग घट्ट धरलं. "तुमच्याकडे असताना त्याने काही सांडलं का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"चहा," ती म्हणाली. "गार गोड चहा, टेबलभर. पेल्याच्या बाहेर ओतला. मी म्हटलं, पिऊन आलायस काय रे? तो हसला. आणि माझ्या मागच्या दाराला धडकला. त्या दारातून तो चालायला लागल्यापासून जातोय."

"कुठली बाजू?"

ती विचार करत होती. स्वयंपाकघरात उभी राहून ती दाराकडे बघत असेल, हे ऑरिनला कळत होतं. "डावी," ती म्हणाली.

"माझ्या लॉर्नाचं असंच सुरू झालं होतं. मिस ओडेसा, मी चुकत असेन. मी चुकत असलो तर फार बरं होईल. पण त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या. संघाच्या नको. तुमच्या."

"फोन ठेवा," मिस ओडेसा म्हणाली. "मला मेम्फिसला जायचंय."

ऑरिन परत आत गेला आणि कर्टिसला सगळं सांगितलं.

"हे मला का सांगतोस?" कर्टिस म्हणाला.

"दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा."

"लीगला कळलं तर तू जाशील, आणि माझी निवडीतली पाळी जाईल. ती पाळी टॉलिव्हरला न घेता मी आजच वाचवली होती."

"माहीत आहे."

"घरी जा, ऑरिन." या वेळी तो हळू बोलला नव्हता.

बुधवार ऑरिनने घरात काढला. फोन टेबलावर होता. तो वाजला की ऑरिन दचकायचा, नाही वाजला की उचलून बघायचा. दुपारी कुणी तरी छपराची दुरुस्ती करायची का विचारायला फोन केला, तर ऑरिन त्याच्यावर ओरडला आणि मग त्याची माफी मागितली. मिस ओडेसा गेली असेल का? पोराने ऐकलं असेल का? काहीच निघालं नसेल, आणि या वेळी मेम्फिसवाले लीगच्या कार्यालयात बसलेले असतील? संध्याकाळी तो लॉर्नाच्या गाडीचं इंजिन चालू करायला गॅरेजमध्ये गेला, आठवड्यातून एकदा जायचा तसा, आणि इंजिन बंद करायचं विसरून तिथेच उभा राहिला. शेजाऱ्याने हाक मारली तेव्हा भानावर आला.

गुरुवारी कर्टिसने बोलावलं आणि दार लावलं. टेबलावर फोन चालू होता. त्यातून हॅल डिट्मरचा आवाज येत होता, आणि तो हसत नव्हता.

"डोळ्याच्या आतला पडदा फाटलाय. ऑगस्टमध्ये कुणाचं तरी कोपर लागलं होतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, आणखी एक धडक बसली असती तर डोळा गेलाच होता. त्याच्या आत्याने त्याला धरून नेलं. आता मला सांग कर्टिस, आत्याला ही अक्कल कुठून आली? तुझ्या माणसाला कसं कळलं?"

कर्टिसने ऑरिनकडे बघितलं. "हॅल," तो म्हणाला, "मी तुला सोमवारी स्वतः सांगितलं होतं. तू मला एक फेरी सूट दिलीस."

मग हॅल म्हणाला, "हं." आणि थोड्या वेळाने, "हे आपण कुठे बोलायला नको." आणि फोन बंद झाला.

ऑरिन खुर्चीत बसला. पोराच्या डोक्यात काही नव्हतं. पडदा फाटला होता, कोपर लागलं होतं. तो चुकला होता. हे लॉर्नासारखं नव्हतं.

"पुन्हा असं केलंस तर मीच तुला काढीन," कर्टिस म्हणाला. "जा. ग्रीअर आलाय, त्याला बघ. गुडघे फार वाजतात त्याचे."

संध्याकाळी घरी फोन वाजला. मिसिसिपीचा नंबर होता, पण आवाज मिस ओडेसाचा नव्हता.

"मला माहीत होतं!" जेरेल टॉलिव्हर ओरडत होता. "ऑगस्टपासून माहीत होतं मला! जानेवारीपर्यंत ढकलणार होतो. जानेवारीत नवा करार होता माझा, मिस्टर हॅस्केल. लोक हातांना नावं ठेवत होते, ठेवू दे म्हटलं. हात सुधारतात. डोळा गेलेल्याला कोण घेतं? तुम्हाला कुणी विचारलं होतं? तुम्ही माझं वर्ष खाल्लंत!"

"हो, बाळा," ऑरिन म्हणाला.

"आत्या येऊन दारात खुर्ची टाकून बसली. डॉक्टरकडे येत नाहीस तोवर सरावाला जाऊ देणार नाही म्हणाली. सगळ्या शेजाऱ्यांसमोर!"

"डॉक्टर काय म्हणाले? डोळा राहील?"

"राहील म्हणतात. उद्या कापणार. किती दिसेल ते सांगत नाहीत. खेळायचं बोलतच नाहीत." आवाज मध्येच फाटला आणि त्याने तो पुन्हा चढवला. "आणि आत्याला काय सांगितलंत ते? मिस लॉर्नाचं? ते माझ्या डोक्यात बसलं ना! दोन रात्री मला वाटलं, मी मरणार!"

"मलाही," ऑरिन म्हणाला.

जेरेलने नाक ओढलं. मग, अजून रागातच, म्हणाला, "माझं ओरडून झालेलं नाही."

ऑरिनने खुर्ची ओढली आणि बसला.

"ओरड," तो म्हणाला. "मला वेळ आहे."